गुण आला, तिथेच फसले

औषधाने गुण आला नाही की माणसाला संशय येतो. मला गुण आला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्याला हात न लावता जिना उतरले आणि खाली पोचल्यावर लक्षात आलं, अरे, आपण उतरलो की! दोन वर्षांत असं झालं नव्हतं. तिथेच उभी राहून रडले. त्या दिवसापासून औषध देणाऱ्या त्या गृहस्थांच्या शब्दावर शंका घेणं मी सोडून दिलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला हसायचं तर हसून घेता येईल. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं.

गुडघ्यांची झीज झाली होती. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं: वजन कमी करा, मांडीचे स्नायू बळकट करा, दुखेल तेव्हा गोळी घ्या. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, हेही त्यांनीच सांगितलं. सगळं खरं होतं. पण महिनोन्महिने पाय उचलण्याचे व्यायाम करा, हे ऐकून कोणाला हुरूप येतो? शिवाय वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडं बिघडतात हे मी वाचलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं. अशा वेळी ‘पूर्णपणे नैसर्गिक’ हे शब्द कानावर पडले.

मोफत आरोग्य शिबिर होतं. ते गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि पहिली वीस मिनिटं त्यांनी एकही चुकीची गोष्ट सांगितली नाही. धुराने फुफ्फुसं खराब होतात, तासन्‌तास बसून राहणं वाईट, झोप कमी पडली की रक्तदाब वाढतो, विनाकारण गोळ्या गिळू नयेत. आम्ही सगळे माना डोलावत होतो. मान एकदा डोलायला लागली की ती थांबत नाही. मग त्यांनी हळूच पुढचं वाक्य टाकलं की हे सगळं विष सांध्यांत साठतं आणि तळपायांतून बाहेर काढता येतं. त्यालाही आम्ही माना डोलावल्या.

पाय कोमट पाण्याच्या टबात ठेवायचे. त्यात चिमूटभर मीठ, आणि तारा जोडलेला धातूचा एक डबा. अर्ध्या तासात पाणी तपकिरी झालं, वर फेस आला, पोहण्याच्या तलावाला येतो तसा वास सुटला. भिंतीवर रंगांचा तक्ता होता, नारिंगी म्हणजे सांधे, काळा म्हणजे यकृत वगैरे. “बघा ताई, किती साठलं होतं!” मी बघितलं आणि मला खरोखर हलकं वाटलं. डब्यातल्या लोखंडी पट्ट्या, मिठाचं पाणी आणि वीज एकत्र आली की लोखंड झिजून गंज तयार होतो, मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन सुटतो. नववीच्या मुलांना मी हा प्रयोग कितीतरी वेळा करून दाखवला आहे. टबात पाय नसले तरी पाणी तपकिरीच होतं. पण आपले पाय पाण्यात असले की डोकं बहुधा बाहेर काढून ठेवलेलं असतं.

टब हे नुसतं नाटक होतं. त्याने माझं काही बिघडलं नाही. खरा माल म्हणजे पुडी. मातकट रंगाचं चूर्ण, वर ना नाव, ना घटक, ना तारीख. विचारलं तर, “घराण्याची विद्या आहे, लिहून देत नाहीत.” सूचना तीन होत्या. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायच्या. एकही दिवस चुकवायचा नाही. आणि डॉक्टरांना सांगायचं नाही, “कारण त्यांचं दुकान बसतं.” तिसरी सूचना ऐकताच उठून यायला हवं होतं. मी उलट आपण काहीतरी शहाणपणाच्या गोटात सामील झालो अशा थाटात घरी आले.

पुढचे पाच महिने मी मजेत होते. भूक इतकी लागायची की रात्री उठून खायचे. झोप कमी झाली पण थकवा नाही, पहाटे तीनला कपाटं आवरत बसायचे. चेहरा भरला. भेटेल तो म्हणायचा, तब्येत सुधारली हं! कुठे जरा आपटलं की हातावर जांभळा डाग पडायचा, त्याला मी वय म्हणाले. वजन नऊ किलोंनी वाढलं, त्याला मी ‘अंगी लागलं’ म्हणाले. नंतर नंतर खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागायला लागला. गुडघा दुखत नव्हता, मांडीत बळच नव्हतं. फोन करून विचारलं तर उत्तर तयार: “विष बाहेर पडताना असं होतं. अजून दोन महिन्यांच्या पुड्या घ्या.” कधी प्रवासात दोन दिवस चुकले तर गुडघे असे ठणकायचे की पुडीची थोरवी आणखीच पटायची.

मग एके दिवशी फोन बंद. शिबिराच्या जागी कुलूप. पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी साधा ताप आला, संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, आणि न्हाणीघराच्या दारात मी कोसळले.

रुग्णालयात रक्तदाब लागेना. साखर घसरलेली. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी माझ्या गोल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाह्या वर करून डाग पाहिले, मानेमागचा उंचवटा चाचपला आणि मुलाला विचारलं, “कुठली पुडी घेत होत्या?” आजारपण विचारलं नाही, थेट पुडी. त्याला काहीच माहीत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा मीच लाजत सांगितलं.

पुडीत स्टेरॉइड होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. ताप, जखम, धक्का सोसायला शरीराला ते लागतं. स्टेरॉइड हे त्या कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध. बाहेरून ते महिनोन्महिने येत राहिलं की मेंदू या ग्रंथींना हुकूम देणंच थांबवतो आणि त्या आक्रसतात. मग पुरवठा अचानक तुटला की घरात काही शिल्लक नसतं. पुढे सकाळी आठला रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजलं. सर्वसाधारणपणे ते त्याच वेळी सगळ्यात जास्त असतं, माझं जवळजवळ शून्य होतं. घरात एक फाटकी पुडी सापडली, ती मुलाने औषध प्रशासनाकडे तपासायला दिली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक निघालं. म्हणजे ज्या प्रकारच्या वेदनाशामकाला घाबरून मी पळाले होते तेच मी रोज खात होते, तेही मात्रा न कळता. आगीतून फुफाट्यात.

डेक्सामेथासोन इतकं तीव्र असतं की त्याचा पाऊण मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या नेहमीच्या वापरातल्या स्टेरॉइडच्या पाच मिलिग्रॅमच्या बरोबरीचा. चमचाभर चूर्णात ते कुठे दिसणार? आणि हाताने कालवलेल्या पिठात एका पुडीत किती नि दुसरीत किती, हे कालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

एक गंमत सांगते, गंमत म्हणायची तर. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० सालचं नोबेल त्यांना केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे माझ्या जिन्यावरचा चमत्कार खराच होता, बक्षीस मिळालेला होता. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. दमा, संधिवात, कितीतरी आजारांत ते जीव वाचवतं, पण मोजून, नजर ठेवून, आणि बंद करताना पायरी पायरीने. मलाही त्यातून सोडवायला हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच दिलं, आधी शिरेतून, मग गोळ्या, त्या आता हळूहळू कमी होत आहेत. आठ महिने झाले. ताप आला तर मात्रा वाढवायची, असं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये असतं.

कोणाला पुडीने, काढ्याने, थेंबांनी दोन-तीन दिवसांत जुनी दुखणी गायब झाल्यासारखी वाटत असतील, भूक वाढली असेल, चेहरा गोल होत असेल, साखर किंवा रक्तदाब कारण नसताना चढला असेल, आणि देणारा घटक सांगत नसेल, तर तो माल घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि हे वाचून घाबरून पुडी एकदम फेकू नका. मी कोसळले ती पुडी घेताना नव्हे, संपल्यावर. अनेक आठवडे घेत असाल तर डॉक्टर सांगतील तसंच थांबवायचं. रिकामी पाकिटंही जपून ठेवा, आमच्याकडे ते एक फाटकं राहिलं नसतं तर तक्रारीला आधारच नव्हता.

गुडघे परत दुखतात. भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसून पाय ताठ करून, रोज व्यायाम करते. नऊपैकी चार किलो उतरले. जिना कठडा धरून उतरते.

जे लिहायला सर्वांत जड जातंय ते राहिलंय. ही पुडी मी चौघींना दिली होती. जिना उतरून दाखवला, आणखी जाहिरात काय हवी? त्यातल्या एकीला मधुमेह. तिची साखर का चढत होती हे तिच्या डॉक्टरांना महिनाभर कळेना, कारण मी तिलाही तिसरी सूचना नीट समजावून सांगितली होती. रुग्णालयातून आल्यावर मी चौघींकडे जाऊन सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवला. तिघी डॉक्टरांकडे गेल्या. चौथीने गेल्या आठवड्यात फोन केला. म्हणाली, “तुला बाधलं असेल गं, मला तर छान गुण आहे. तुझ्याकडे त्यांचा नवा नंबर आहे का?”