डक्स की बीव्हर्स: सीझन तिकीट कुणाचं घ्यायचं?

मावसभाऊ मागच्या वर्षी इथे पोर्टलंडजवळ हिल्सबरोला आला, चिपच्या कंपनीत, आणि आल्यापासून मागे लागलाय की दादा, कॉलेज फुटबॉलचं सीझन तिकीट घ्यायचंय तर युजीनला घेऊ (डक्स, म्हणजे ओरेगन विद्यापीठ) का कॉर्व्हॅलिसला (बीव्हर्स, म्हणजे ओरेगन स्टेट). मंडळात पण दर उन्हाळ्यात कोणीतरी नवीन माणूस हेच विचारतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. मी दोन्हीकडची तिकिटं घेऊन बघितलीत, २०२४ ला डक्स आणि २०२५ ला बीव्हर्स. खेळाचे नियम, स्टेडियमला किती सीट्स, पार्किंग कुठे वगैरे तुम्ही बघून घेतलंच असेल, त्यात जात नाही.

पूर्वी हा प्रश्नच तितका अवघड नव्हता. ओरेगन आणि ओरेगन स्टेट एकाच कॉन्फरन्समध्ये (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, याचं नाव पुढे पॅक-१२ झालं), आणि ती कॉन्फरन्स १९१५ साली इथेच पोर्टलंडला सुरू झालेली, चार संस्थापकांपैकी हे दोघे, बाकी वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाची विद्यापीठं. तिकीट कुणाचंही घ्या, यायच्या टीम्स साधारण त्याच आणि वर्षाच्या शेवटी हे दोघे एकमेकांना भिडणारच. मग जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसचे यूएससी आणि यूसीएलए बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सला जातो म्हणाले, आणि ४ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोनाचे दोघे आणि युटा असे पाच जण निघाले, त्यातले ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनलाच. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे वरचं कॅलिफोर्निया) पण गेले, तेही ॲटलांटिक कोस्ट नाव असलेल्या कॉन्फरन्समध्ये, पॅसिफिकच्या काठावर बसून. राहिले कोण तर ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

मला हे वाड्याच्या वाटणीसारखं वाटतं. बारा भावांपैकी दहा जण बाहेर पडले, दोघे वाड्यात राहिले, आणि बाहेर पडणाऱ्यांना जाता जाता तिजोरीच्या चावीवर पण मत हवं होतं. हे दोघे कोर्टात गेले, वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी कॉन्फरन्सच्या बोर्डाचा कारभार या दोघांच्या हातात दिला. तिकडच्या सुप्रीम कोर्टाने पण डिसेंबरमध्ये त्यात हात घालायला नकार दिला. या निकालाचं महत्त्व मला तेव्हा फारसं कळलं नव्हतं, तिकिटं घ्यायला लागल्यावर कळलं, त्यावर खाली येतो.

आधी डक्सबद्दल, कारण निव्वळ खेळ बघायचा असेल तर तुलनाच नाही. २०२४ ला मी तिकीट घेतलं ते ओहायो स्टेट ऑट्झनला, म्हणजे डक्सच्या स्टेडियमला, येणार म्हणून. १२ ऑक्टोबर, शनिवार, आणि नेमका दसरा. सकाळी पाटीपूजन केलं, मुलांना सोनं दिलं, दुपारी गाडी काढून युजीन. ३२-३१. साठ हजारांवर माणसं आत होती, शेवटच्या मिनिटाला कानात दडे बसले आणि माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा चक्क रडत होते. मी आयुष्यात याहून चांगली मॅच प्रत्यक्ष बघितलेली नाही, वानखेडे धरून सांगतो. त्या वर्षी डक्स बिग टेन जिंकले, पहिल्याच वर्षात, सीझननंतरच्या रोझ बोल मॅचमध्ये त्याच ओहायो स्टेटने हरवेपर्यंत एकही मॅच हरले नव्हते. पैसा आहे, प्लेयर्स येतात, आणि २०२५ पासून कॉलेजनी प्लेयर्सना थेट पैसे द्यायला सुरुवात झाल्यावर, त्याची पहिल्या वर्षाची मर्यादाच साधारण २०५ लाख डॉलर होती, हे अंतर वाढणारच. बीव्हर्सनी २०२५ ला अख्ख्या सीझनमध्ये दोन मॅचेस जिंकल्या. दोन. हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मी डक्स का सोडले? वेळापत्रकामुळे. ऐकायला ही फार छोटी गोष्ट वाटते हे मला माहितीये, पण माझ्यासाठी सगळं तिथेच फिरलं.

बिग टेनचा टीव्हीचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वर, आणि इतके पैसे दिल्यावर मॅच कधी लावायची हे टीव्हीवालेच ठरवणार ना. बऱ्याच मॅचेसची तारीख कळते पण वेळ बारा दिवस आधी कळते, कधी कधी सहाच दिवस आधी. म्हणजे शनिवार दुपारी साडेबारा असू शकते नाहीतर रात्री साडेसात, आणि हिल्सबरोहून युजीन म्हणजे जायला दोन तास, यायला रात्री कधीकधी तीन. आमच्याकडे मुलांची मराठी शाळा वीकेंडला, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची प्रॅक्टिस वीकेंडला, त्यात इलिनॉयची मॅच आली दिवाळीच्या आधीच्या शनिवारी. मी बायकोला दोन आठवडे एकच उत्तर देत होतो, अजून वेळ कळली नाही. फराळाला कुणाला कधी बोलवायचं तेही अडकलं, मुलीच्या नाचाच्या प्रॅक्टिसला कोण सोडणार तेही अडकलं. त्याच्या आधी मिशिगन स्टेटची मॅच चक्क शुक्रवारी संध्याकाळी सहाला, ऑफिस संपवून आय-फाइव्हवर शुक्रवारचं ट्रॅफिक, आम्ही आत पोचलो तेव्हा पहिला क्वार्टर संपला होता आणि मुलगा मागच्या सीटवर झोपून गेला होता. आणि बोईसी स्टेटची मॅच ७ सप्टेंबरला संध्याकाळी सातला, गणेश चतुर्थीच्या दिवशी. ती तिकिटं मी कलीगला देऊन टाकली. आता सण आपला आहे, त्यांना काय माहीत, तो दोष कुणाचाच नाही. पण सीझनभर मला असंच वाटत राहिलं की माझा शनिवार कुणीतरी दुसऱ्याने विकलाय.

कॉर्व्हॅलिसला त्याच वर्षी घरच्या मॅचेसच्या वेळा उन्हाळ्यातच जाहीर झाल्या होत्या. माझ्या मित्राच्या फ्रीजवर अख्खा सीझन लिहिलेला कागद मॅग्नेटने लावलेला, त्यात त्याने मधे गणपती, नवरात्र, मुलाची परीक्षा सगळं बसवलेलं. तो कागद बघून मला खरंच हेवा वाटला. मला वाटतं, म्हणजे माझा अंदाज आहे, की जिथे बोर्डात दोनच जण बसतात तिथे आपल्या गावच्या माणसाला शनिवारी काय सोयीचं आहे हे कुणाच्या तरी डोक्यात राहतं. ओरेगन आता अठरा जणांतला एक, आणि सुरुवातीची काही वर्षं टीव्हीच्या पैशात पूर्ण वाटा पण नाही, साधारण अर्धाच. मोठ्या घरात गेलं की खोली छान मिळते पण जेवणाची वेळ आपण ठरवत नाही.

आता भांडणाच्या मॅचबद्दल, म्हणजे ओरेगन विरुद्ध ओरेगन स्टेट. १८९४ साली सुरू झालेली ही. आमच्याकडे तिचा एक रिवाज होता, आमचं घर डक्सचं कारण बायको युजीनला शिकली, मित्राचं घर बीव्हर्सचं, मॅच थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, चार दिवस सगळ्यांना सुट्टी, आणि हरणाऱ्या घराने पुरणपोळ्या करायच्या. २०२२ ला आम्ही सगळे कॉर्व्हॅलिसला होतो, स्टेडियमची एक बाजू तेव्हा पाडलेली होती, डक्स ३१-१० ने पुढे, बायको मित्राला विचारत होती की डाळ भिजत घातली का. मग बीव्हर्सनी नुसतं पळून पळून, जवळपास पासच न टाकता, ३८-३४ ने मॅच काढली. लोक मैदानात उतरले. पोळ्या आम्हीच लाटल्या, रात्री अकराला, आणि ती रात्र मुलं अजून आठवतात.

२०२४ ला हीच मॅच १४ सप्टेंबरला झाली. गणपतीतला शनिवार, मंडळाचा हॉल सहा महिने आधी बुक केलेला, मॅच दुपारी साडेबाराला. कोणीच गेलं नाही, ना ते ना आम्ही. आरतीला उभं असताना कुणीतरी फोनवर बघून सांगितलं ४९-१४. बस, संपलं. २०२५ ला परत सप्टेंबर, ४१-७. सीझनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती मॅच वॉर्मअपसारखी होते, कुणाला अजून प्लेयर्सची नावं पण पाठ नसतात. पुरणपोळ्या त्या दोन्ही वर्षी कुणीच केल्या नाहीत.

डक्सच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, शेवटच्या आठवड्यात त्यांनी वॉशिंग्टनची मॅच ठेवलीये, आणि ते वैर पण जुनं आणि खरं आहे. सिएटलला नातेवाईक असतील तर तुमचा थँक्सगिव्हिंग तसाही छान जाईल. बाकी बाहेरच्या मॅचेसना जायची सवय असेल तर मात्र विचार करा, २०२४ ला डक्स पर्ड्यू, मिशिगन, विस्कॉन्सिनला गेले, तिकडे गाडीने जाता येत नाही. आधी बे एरियात भावाकडे राहून कॅल नाहीतर स्टॅनफर्डची मॅच व्हायची. आणि व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या पोरी न्यू जर्सी, मेरीलँडपर्यंत उडत जातात, परत येऊन क्लासला बसतात, त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

बीव्हर्सकडे तरी सगळं आलबेल आहे असं नाही. जुलै २०२६ पासून नवीन पॅक-१२ सुरू होतेय, बोईसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल सोडून बाकीच्यासाठी गोंझागा. टीव्हीचे नवीन करारही झालेत, तेव्हा वेळेचा तो सुखाचा कागद पुढे किती टिकेल याची खात्री मी देणार नाही. पण यातले बरेच जण एका छोट्या फ्लाइटवर आहेत, बोईसीला तर गाडीनेही जाता येतं, आणि या लोकांशी दहा वर्षं खेळलं तर नवीन वैर तयार होईल असं मला वाटतं. नोव्हेंबर २०२४ ला वॉशिंग्टन स्टेटविरुद्धची ४१-३८ ची मॅच ज्याने बघितली त्याला विचारा, वाड्यात राहिलेले दोघे भाऊ एकमेकांशी काय खेळले.

आणि एक, बेसबॉल. क्रिकेटवाल्या घरांना तो लवकर आवडतो. २०२५ ला ओरेगन स्टेटला बेसबॉलमध्ये कॉन्फरन्सच नव्हती, सगळं वेळापत्रक स्वतः जुळवून, बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या मैदानात खेळून ते ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोचले. ती टीम बघायला कॉर्व्हॅलिसचं दुपारचं ऊन, सोबत डब्यात थालीपीठ, इतकं पुरतं.

तर घरात मुलं मोठी असतील, शनिवार मोकळे असतील, आणि देशातली सगळ्यात मोठी मॅच डोळ्यांनी बघायची असेल तर डक्स घ्या, वाईट वाटणार नाही. लहान मुलं, सणवार, मराठी शाळा असं सगळं असेल तर मी तरी कॉर्व्हॅलिस म्हणेन. मावसभावाची पोरगी पाच वर्षांची आहे. मी २०२६ चे पैसे कॉर्व्हॅलिसला भरलेत, आमच्या रांगेत दोन सीट्स अजून रिकाम्या दिसतायत, त्याने या आठवड्यात सांगितलं तर शेजारी शेजारी मिळतील.