हॉलचे एलईडी लाइट आठ महिने वापरून: बिल झकास, पण तो शेवटचा फेड!

बिलाचं आधी सांगून टाकतो, सगळे तेच विचारतात. स्टेजवर ७५० वॉटचे २४ हॅलोजन होते, सगळे फुल केले की १८ किलोवॉट. आता २०० वॉटचे एलईडी, म्हणजे ४.८. वर हॅलोजनची धग बाहेर काढायला एसी राबायचा तो वेगळाच. वाजवणारेही खूश, गरम लाइटखाली तारा उतरायच्या ते कमी झालंय. पूर्ण मार्क, विषय संपला.

आता माझं रडगाणं. शेवटचा सूर विरत असतो आणि त्याच्याबरोबर लाइट १२ सेकंदात शून्यावर न्यायचा, हाच तो फेड, हे मी वर्षानुवर्षं करतोय. हॅलोजन विझताना तांबूस होत होत जायचा, नक्की कधी गेला ते कळायचंसुद्धा नाही. हे नवीन लाइट पाच टक्क्यांपर्यंत गुपचूप उतरतात आणि मग टक, टक, टक, एकदम काळोख. पहिल्याच कार्यक्रमात मागून कोणीतरी "लाइट गेली का?" म्हणालं, तेही सूर चालू असताना. इतका वैतागलो की जुने हॅलोजन भंगारात द्यायचे ठरले होते ते स्टोअररूममध्ये टाकून कुलूप लावलं आणि चावी खिशात.

सर्व्हिसवाला आला, सगळे लाइट फुल करून बघितले आणि म्हणतो "चालू आहेत की". अरे बाबा चालू होतातच, मला ते बंद होताना दाखवायचेत! "होईल सवय" म्हणून सही घेऊन गेला.

तिसऱ्या महिन्यात मॅन्युअल चाळताना कळलं की बसवणाऱ्याने सगळे ८ बिट मोडवर ठेवलेत. म्हणजे फुल ते शून्य २५६ पायऱ्या, शेवटच्या दोन टक्क्यांच्या वाट्याला जेमतेम पाच. हॅलोजनमध्येही पायऱ्या असायच्याच, पण दिव्यातली तार निवायला वेळ घेते म्हणून त्या पुसल्या जायच्या, एलईडी बिचारा सांगितलं की लगेच उडी मारतो. १६ बिट केलं की ६५,५३६ पायऱ्या, फक्त प्रत्येक रंगाला एकाऐवजी दोन चॅनेल (बोर्डाचा हुकूम येण्याच्या वाटा) लागतात, त्यामुळे अख्खं अ‍ॅड्रेसिंग (कोणता लाइट कोणत्या चॅनेलवर ते ठरवणं) परत आणि बोर्डावर साठवलेले सीन, म्हणजे लाइटच्या ठरवलेल्या मांडण्या, त्याही परत. दोन रात्री गेल्या. पण फेड सुधारला, आधी दोन स्टार देणार होतो ते चार करतोय. तांबूसपणा आपोआप येत नाही, शेवटी अंबर (पिवळसर-केशरी रंग) हळूच चढवून आणतो. (पंख्याची घरघर येत असेल तर सायलेंट मोड लावा, उजेड थोडा कमी होतो, चालतं.)

प्रेक्षकांवरच्या लाइटचा घोळ मात्र आमच्याच कंजूषपणाचा. डिमर (उजेड कमी-जास्त करणारे) जुनेच ठेवले आणि नुसते एलईडी बल्ब फिरवले. एवढ्याशा लोडवर ते डिमर नीट चालत नाहीत, म्हणून खाली आणले की बल्ब लुकलुकतात आणि बंद केल्यावरही दोन-तीन मिणमिणत राहतात. नवीन डिमरला कमिटी "पुढच्या वर्षी बघू" म्हणते. मग काय, कुलूप उघडलं, एक हॅलोजन काढला आणि स्टेजमागच्या पॅसेजमध्ये त्याच सर्किटवर लोड म्हणून टांगला. लुकलुक थांबली. वीज वाचवणारे लाइट नीट चालावेत म्हणून मागे ७५० वॉटचा हॅलोजन जळतोय, हे मी कमिटीला अजून सांगितलेलं नाही. आणि तो विझतो काय सुंदर!