छताला पांढरा रंग: मार्च ते डिसेंबर, अनुभव

आम्ही नागपुरात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दुपारी बाहेर 45 असतं, त्याची सवय आहे. त्रास खरा रात्रीचा. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकत बसतं. अकरा वाजता पंखा लावला की वरची धग सरळ अंगावर. कूलर चालू असूनही दोनच्या सुमारास एसी लावावाच लागायचा.

मार्चमध्ये ऊन परत फेकणारा पांढरा रंग मारून घेतला. साधारण 800 चौरस फूट, दोन हात, भेगा बुजवण्यासकट 16 हजार गेले. खरखरीत स्लॅब रंग फार पितो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. त्यामुळे जिन्याजवळचा एक पट्टा तसाच राहिला, आणि त्याचाच उपयोग झाला! नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी तीनला तापमान मोजायची बंदूक उसनी आणली. उघड्या पट्ट्यावर 61, पांढऱ्यावर 44. पट्ट्यावर अनवाणी पाय टेकवत नव्हता, पांढऱ्यावर मी आरामात उभी होते.

खोली गार होते का? नाही. रंगाने खोली तापायची थांबते, एवढंच. दुपारी फारसा फरक जाणवला नाही, रात्री मात्र भिंतींची धग लवकर उतरते. कूलरवर भागायला लागलं आणि एसी महिन्यातून चार-पाच रात्रीच लागला. गेल्या मेचं बिल 412 युनिटचं होतं, यंदा 297. 300 च्या पुढचं युनिट महाग पडतं, म्हणून रुपयांत फरक जास्त दिसला. यात थोडा वाटा नव्या बीएलडीसी पंख्यांचाही आहे. जुना पंखा 75 वॅट खायचा, हा 28.

कूलरबद्दल एक सांगते. आमच्याकडे पाहुणे आले की आधी दार लावून घेतात, गार हवा बाहेर जाईल म्हणून. उलट आहे! कूलर खिडकीबाहेर आणि समोरचं दार वीतभर उघडं हवं, नाहीतर तासाभरात खोलीत दमट कोंदटपणा होतो. आणि मृगाचा पाऊस पडला की कूलर बंदच करायचा. हवेत आधीच ओल असली की कूलरच्या ताटीतलं, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळीतलं, पाणी उडत नाही, अंग फक्त चिकट होतं.

आता तक्रारी. दुपारी गच्चीवर डोळे दिपतात. पावसाळ्यानंतर टाकीच्या बाजूला शेवाळाचे काळे डाग आले, दिवाळीत ब्रशने घासले तरी पूर्ण गेले नाहीत. धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो, म्हणून फेब्रुवारीत छत धुवावं लागणार. थंडीत पहाटे खोली जरा जास्तच गार वाटते, पण नागपूरची थंडी असते किती दिवस!

उरलेला पट्टाही रंगवून टाकू म्हटलं, तर सासूबाईंनी बजावलंय की त्याला हात लावायचा नाही, कुरडया तिथेच लवकर वाळतात.