राज्यनिहाय महागाईचे आकडे: सेवा फुकट, पण वापरायची जपून

जून २०२५ च्या सरकारी पत्रकात केरळचा किरकोळ महागाई दर ६.७१ टक्के होता आणि तेलंगणचा उणे ०.९३ टक्के. म्हणजे केरळ तेलंगणपेक्षा साडेसात टक्क्यांनी महाग झालं का? नाही. हे आकडे केरळची तुलना केरळच्याच जून २०२४ शी करतात आणि तेलंगणची तेलंगणच्या जून २०२४ शी. कोणतं राज्य महाग आणि कोणतं स्वस्त, याचं उत्तर त्यात नाही. हे दर ज्यावरून निघतात तो राज्यनिहाय ग्राहक किंमत निर्देशांक (सीपीआय) वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची गाडी इथेच घसरते. म्हणून या सेवेचं परीक्षण लिहिताना ती काय करत नाही, यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी सेवा काय ते पाहू. केंद्राचं सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय दर महिन्याच्या १२ तारखेला आदल्या महिन्याचा निर्देशांक जाहीर करतं. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पूर्वी वेळ संध्याकाळी साडेपाचची होती, नोव्हेंबर २०२४ पासून दुपारी चारची झाली. पैसे पडत नाहीत. पीडीएफ पत्रकाच्या शेवटी राज्यांचा तक्ता असतो, पण त्यातून आकडे हाताने उतरवत बसू नका. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या ई-सांख्यिकी पोर्टलवर आधार वर्ष (ज्याचे भाव १०० धरून पुढची तुलना होते), राज्य, ग्रामीण-शहरी-एकत्रित आणि गट निवडून तोच तक्ता उतरवून घेता येतो. वेळेचा नेमकेपणा आणि उपलब्धता या दोन बाबतींत पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

तक्ता उघडल्यावर काही खाचखळगे लागतात. काही रकाने कोरे किंवा आडव्या रेघेचे असतात. एखाद्या राज्यातून ठरलेल्या किंमतपत्रकांपैकी ८० टक्क्यांपेक्षा कमी आली तर त्या महिन्याचा निर्देशांक काढतच नाहीत. एक्सेलमध्ये रेघेच्या जागी शून्य पडलं की सरासरीचा बोजवारा उडतो. जुन्या, आधार वर्ष २०१२ च्या मालिकेत जम्मू-काश्मीर आणि लडाख एकाच ओळीत आहेत. चालू महिन्याचा आकडा तात्पुरता असतो आणि पुढच्या महिन्यात अंतिम होतो, त्यामुळे दोन वेगवेगळ्या दिवशी उतरवलेल्या फायली जुळल्या नाहीत तर दचकू नका. एप्रिल आणि मे २०२० चे आकडे तर टाळेबंदीत क्षेत्रकाम थांबल्यामुळे नंतर अंदाजाने भरलेले आहेत. त्यांच्यावर आधारलेला २०२१ च्या त्याच महिन्यांचा वार्षिक दर जपूनच वापरावा.

आता मुख्य मुद्दा. हा निर्देशांक जागांची तुलना का करू शकत नाही? कारण ज्या वस्तूची किंमत नोंदवायची ती जागोजागी वेगळी असते, आणि ती मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. तांदूळ म्हटला तर त्या बाजारात जो खपतो तोच. कोकणातल्या गावात एक जात, केरळमधल्या पालक्काडला दुसरी. किंमत घेणारा दर महिन्याला त्याच दुकानात, त्याच प्रतीचा, तेवढ्याच मापाचा भाव विचारतो. काळाच्या अंगाने मोजायला हे उत्तम आहे, कारण वस्तू बदलत नाही. जागेच्या अंगाने मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तांदूळच एक नाही. शिवाय आधार वर्षी प्रत्येक राज्याचा निर्देशांक १०० धरलेला असतो. मुंबईचं भाडं आणि बिहारमधल्या तालुक्याच्या गावचं भाडं, दोन्ही १०० पासूनच सुरू होतात.

दुसरी अडचण कमी दिसते, पण जास्त फसवते. २०१२ च्या मालिकेत ग्रामीण निर्देशांकात घरभाडं नव्हतंच. शहरी टोपलीत (मोजायच्या वस्तू-सेवांच्या यादीत) घराचा भार, म्हणजे एकूण खर्चातला धरलेला वाटा, २१.६७ टक्के होता, ग्रामीणमध्ये शून्य. उलट खाद्यपदार्थ व पेयांचा भार ग्रामीणमध्ये ५४.१८ आणि शहरीत ३६.२९. आता राज्यांकडे पाहा. देशाच्या ग्रामीण निर्देशांकात महाराष्ट्राचा भार ८.२५ टक्के होता, शहरीमध्ये १८.८६ आणि एकत्रित १३.१८. ग्रामीण आणि शहरी भागांचा देशपातळीवरचा वाटा साधारण ५३.५ आणि ४६.५ धरून गणित केलं, तर महाराष्ट्राच्या एकत्रित आकड्यात ग्रामीण हिस्सा जेमतेम एक तृतीयांश निघतो. बिहारचे भार होते ८.२१, १.६२ आणि ५.१४, म्हणजे तिथला ग्रामीण हिस्सा ८५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा महाराष्ट्र आणि बिहारचे 'एकत्रित' दर शेजारी ठेवले, की एका बाजूला भाडं असलेली टोपली आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ बिनभाड्याची टोपली अशी तुलना होते. भाजी कडाडली की बिहारचा आकडा जास्त उडी मारतो, भाडी चढली की महाराष्ट्राचा. राज्यांची तुलना करायचीच असेल तर ग्रामीण ग्रामीणशी आणि शहरी शहरीशी ताडून पाहा. एकत्रित रकाना बातमीच्या मथळ्यापुरता ठीक.

भाड्याच्या मोजणीतही एक मेख होती. शहरी नमुन्यातल्या घरांचं भाडं सहा महिन्यांतून एकदा विचारलं जाई आणि दर महिन्याला एक षष्ठांश घरं होत. त्यामुळे भाडेवाढ निर्देशांकात सावकाश झिरपे. त्यात सरकारी निवासस्थानंही होती आणि त्यांचं भाडं म्हणजे कर्मचाऱ्याला न मिळालेला घरभाडे भत्ता असं धरत. जुलै २०१७ पासून सातव्या वेतन आयोगाचा भत्ता लागू झाला आणि बाजारातलं भाडं तसं न वाढताही घरगटाची महागाई वर गेली. त्या काळातली शहरी मालिका वापरताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

केरळचंच उदाहरण जरा जवळून पाहू. २०२५ मध्ये खोबरेल तेल प्रचंड कडाडलं आणि सोनंही चढलं. केरळच्या स्वयंपाकघरात खोबरेल हे फोडणीचं तेल आहे, त्यामुळे त्या राज्याच्या टोपलीत त्याला वजन आहे. महाराष्ट्रात बहुतेकांच्या घरी ते डोक्याला लावायच्या बाटलीत येतं, आणि केसांचं तेल निर्देशांकात खाद्यतेलात नाही, वैयक्तिक निगेच्या वस्तूंत मोडतं. भाववाढ एकच, पण दोन राज्यांत ती वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या वजनाने पडते. राज्यनिहाय मालिका नेमकी हेच दाखवते आणि तिथे ती खरोखर कामाची आहे. अडचण एवढीच की २०१२ च्या मालिकेत वस्तूनिहाय निर्देशांक फक्त देशपातळीवर मिळतो. राज्यासाठी गट आणि उपगटापर्यंतच जाता येतं, म्हणून केरळमधलं खोबरेल 'तेल व स्निग्ध पदार्थ' या उपगटाच्या आडून ओळखावं लागतं.

राज्याच्या दरात एखाद्या गटाचा वाटा किती, हे काढायची रीत सोपी आहे. गटाचा भार गुणिले गटनिर्देशांकात वर्षभरात झालेली वाढ, भागिले वर्षापूर्वीचा सर्वसाधारण निर्देशांक. समजा भार ६, गटनिर्देशांक १८० वरून २२५ झाला आणि वर्षापूर्वीचा सर्वसाधारण निर्देशांक १९० होता. ६ × ४५ ÷ १९० = १.४२ टक्के-अंक. बरेच जण भाराला सरळ दराने गुणतात: ६ टक्के गुणिले २५ टक्के, म्हणजे १.५. फरक लहान दिसतो, पण सगळ्या गटांची बेरीज केली की ती एकूण दराशी जुळत नाही आणि मग चूक शोधण्यात दुपार जाते. अंक आणि टक्के यांची गल्लत तर नेहमीचीच: निर्देशांक १९० वरून १९९.५ झाला म्हणजे साडेनऊ अंकांची वाढ, टक्क्यांत मात्र ५.

आधारपरिणामाची एकच खूण सांगून पुढे जाऊ. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोमुळे देशाचा दर ७.४४ टक्क्यांवर गेला. जुलै २०२४ चा पहिला आकडा ३.५४ आला. भाव उतरले म्हणून नव्हे, तर आदल्या वर्षीचा पाया उंच होता म्हणून. राज्यांत हा पाया कमी-जास्त असतो. लहान राज्यांत तर आकडा आणखी उसळतो. जुन्या मालिकेत गोव्याचा एकत्रित भार ०.१९ टक्के होता. अशा राज्याचा एका महिन्याचा दर घेऊन मत बनवू नये, तीन महिन्यांची सरासरी धरावी.

जिल्ह्याचा निर्देशांक मात्र इथे मिळत नाही, आणि ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव आहे. मुंबई आणि गडचिरोली एकाच 'महाराष्ट्र' ओळीत. शहर हवं असेल तर केंद्रीय श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक पाहावा. २०१६ = १०० या मालिकेत देशभर ८८ केंद्रं आहेत, महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर त्यात येतात. पण ती टोपली कामगार कुटुंबांची आहे, सोलापूरच्या सगळ्या रहिवाशांची नाही. महागाई भत्ता याच निर्देशांकावरून ठरतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी बारा महिन्यांची सरासरी समजा १४४ आली. तिला २.८८ या जोड-गुणकाने (नव्या मालिकेचा आकडा जुन्या मालिकेत बदलणाऱ्या गुणकाने) गुणलं की ४१४.७२. त्यातून २६१.४२ हा सातव्या वेतन आयोगाचा मूळ आकडा वजा करून पुन्हा २६१.४२ ने भागलं की ५८.६४ टक्के, आणि अपूर्णांक सोडून भत्ता ५८ टक्के.

दोन जागांतला भावफरकच पाहायचा असेल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाची दैनिक भावनोंद जास्त उपयोगी. तिथे निर्देशांक नसतो, केंद्रागणिक प्रत्यक्ष किरकोळ आणि घाऊक भाव रुपयांत मिळतात. पूर्वी २२ वस्तू होत्या, ऑगस्ट २०२४ पासून ३८ झाल्या. पण सगळा बाजार किराणा आणि भाजीपाल्याचा. भाडं, शाळेची फी, दवाखाना यांतलं काही नाही. प्रतीचा प्रश्न इथेही आहेच, म्हणून तांदळापेक्षा साखर, मीठ, बटाटा यांची तुलना जास्त विश्वासाची.

राहणीमान सारखं धरून राज्यांचे खर्च शेजारी ठेवणारं सरकारी काम झालंच नाही असं नाही. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या २०११-१२ च्या दारिद्र्यरेषा पाहा: ग्रामीण महाराष्ट्रासाठी दरडोई महिना ९६७ रुपये, ग्रामीण ओडिशासाठी ६९५. या रेषा राज्याराज्यांतले भावफरक मोजून बसवलेल्या होत्या, म्हणून त्यांचं गुणोत्तर हा त्या काळच्या भावपातळीचा बऱ्यापैकी अंदाज ठरतो: ओडिशापेक्षा महाराष्ट्राचं खेडं सुमारे ३९ टक्के महाग. तोही एका विशिष्ट, गरीब घराच्या टोपलीपुरता. अमेरिकेत राज्यांची सापेक्ष भावपातळी दरवर्षी जाहीर होते. आपल्याकडेही इतकी किंमतपत्रकं जमत असताना तसं काही नियमित निघू नये, याचं नवल वाटतं.

नवी मालिका, आधार वर्ष २०२४, जानेवारी २०२६ च्या आकड्यापासून सुरू झाली. भार २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीचे आहेत, आणि वस्तू २९९ वरून ३५८ झाल्या. व्हीसीआर, टेप रेकॉर्डर, कॅसेट गेल्या. ओटीटीची वर्गणी, पेन ड्राइव्ह आले. वरची मोठी तक्रारही बऱ्याच अंशी दूर झाली, कारण ग्रामीण घरभाडं आता टोपलीत आहे. जुने-नवे गट मात्र नावावरून जुळवू नका. खाद्यपदार्थ व पेयांचा भार ४५.८६ वरून ३६.७५ वर आला, पण ही सगळी घट 'लोक खाण्यावर कमी खर्च करतात' म्हणून नाही. हॉटेलचं जेवण पूर्वी खाद्यगटात होतं, नव्या बारा विभागांच्या रचनेत ते उपाहारगृहांच्या विभागात गेलं.

शेवटी करारांबद्दल. भाडेकरारात किंवा कंत्राटात 'सीपीआयप्रमाणे वाढ' एवढंच लिहिलेलं असतं आणि भांडण तिथूनच सुरू होतं, कारण एकत्रित, औद्योगिक कामगार, शेतमजूर आणि ग्रामीण मजूर असे चार निर्देशांक चालू आहेत. कलमात निर्देशांकाचं पूर्ण नाव, आधार वर्ष, राज्य, शहरी की ग्रामीण, कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्याशी तुलना आणि अंतिम आकडाच धरायचा, हे सगळं घाला. आधार वर्ष बदललं तर जाहीर झालेला जोड-गुणक लावावा, असंही एक वाक्य हवं. राज्याची मालिका निवडली असेल तर गुणकही त्याच राज्याचा आणि त्याच क्षेत्राचा घ्या. अखिल भारतीय गुणक राज्याच्या आकड्याला लावला तर वाढ चुकीची निघेल.