पिनबॉल कॅबिनेटच्या नावाखाली फसवणूक : पुण्यातल्या हौशी मंडळींनी ॲडव्हान्स देण्याआधी वाचावं

घरात व्हर्च्युअल पिनबॉल कॅबिनेट बसवून घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा आणि मग पैसे द्या. या कामाचे माझ्याकडून एक लाख बावन्न हजार रुपये घेतले गेले. हातात आलं ते सनमायका लावलेलं प्लायवुडचं खोकं, एक जुना टीव्ही आणि कुठल्याशा ऑफिसातून निघालेला संगणक. बनवून देणाऱ्याने धडधडीत खोटं फार कमी सांगितलं. तो अर्धवट खरं सांगत होता, आणि तेच जास्त घातक आहे, कारण पडताळायला गेलं की अर्धी गोष्ट खरीच निघते.

व्हर्च्युअल कॅबिनेट म्हणजे दिसायला खऱ्या पिनबॉलसारखंच यंत्र, पण आत चेंडू नसतो. टेबलाच्या जागी मोठा टीव्ही उभ्या दिशेने झोपवलेला असतो, समोरच्या उभ्या भागात दुसरा पडदा असतो त्याला बॅकग्लास म्हणतात, दोन्ही बाजूंना फ्लिपरची, म्हणजे चेंडू टोलवणाऱ्या पट्ट्यांची, बटणं आणि उजवीकडे चेंडू उडवण्यासाठी ओढून सोडायचा दांडा, त्याला प्लंजर म्हणतात. आत साधा विंडोजचा संगणक. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक पिनबॉल खेळालाही 'टेबल'च म्हणतात.

हे मी बाबांसाठी करत होते. बाबा बँकेत होते. विंडोज एक्सपीच्या काळात दिवसाचा हिशेब जुळला की ते थोडा वेळ स्पेस कॅडेट हा विंडोजबरोबर येणारा पिनबॉलचा खेळ खेळायचे. त्यात कॅडेटपासून फ्लीट ॲडमिरलपर्यंत नऊ हुद्दे आहेत आणि बाबा कमोडोरपर्यंत पोचले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या सत्तरीला तोच खेळ खऱ्या बटणांवर खेळायला मिळावा, एवढीच इच्छा होती.

ओळखीतून एका माणसाचा नंबर मिळाला. सिंहगड रस्त्याच्या पुढच्या भागात त्याचा गाळा होता. गेले तेव्हा एक अर्धवट कॅबिनेट उभं होतं, त्याची बटणं शेजारच्या साध्या मॉनिटरला जोडलेली, आणि त्यावर स्पेस कॅडेट चालू. बटण दाबलं की फ्लिपर उडत होता. "मॅडम, मोठं पॅनेल या आठवड्यात येतंय. बाकीची टेबलं कशी दिसतात ते मोबाइलवर बघा," म्हणत त्याने व्हिडिओ दाखवला. व्हिडिओतलं कॅबिनेट फारच देखणं होतं. ते त्याने बनवलेलंच नव्हतं, हे नंतर कळलं.

आता या दाखवण्यातली मेख लक्षात घ्या. स्पेस कॅडेट हा १९९५ सालचा खेळ. मॅक्सिसच्या 'फुल टिल्ट! पिनबॉल'मधलं हे एक टेबल, मायक्रोसॉफ्टने ते आधी विंडोज ९५ च्या प्लस पॅकमध्ये दिलं आणि पुढे एक्सपीपर्यंत विंडोजबरोबर येत राहिलं. तेव्हाच्या संगणकावर चालणारा खेळ आजच्या कुठल्याही भंगार यंत्रावर चालतो. तो सुरळीत चालला म्हणून संगणक चांगला आहे असं अजिबात ठरत नाही. मोठ्या पडद्यावर 'व्हिज्युअल पिनबॉल' या सॉफ्टवेअरची आजची टेबलं चालवायची तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कोटेशनमध्ये ते लिहिलेलंही होतं.

कोटेशनमधल्या दोन ओळी मुद्दाम सांगते. 'सॉफ्टवेअर लायसन्स : १८,००० रुपये' आणि 'स्पेस कॅडेट ६४-बिट ॲक्टिव्हेशन : ४,५०० रुपये'.

दुसऱ्या ओळीबद्दल मी विचारलं होतं. तो म्हणाला, "हा गेम ६४-बिट विंडोजवर चालत नाही, म्हणून तर मायक्रोसॉफ्टने व्हिस्टापासून काढून टाकला. आमच्याकडे त्याचा पॅच आहे, त्याची फी." घरी येऊन मी शोधलं, तर व्हिस्टापासून, म्हणजे एक्सपीनंतरच्या विंडोजपासून, खेळ गेला हे खरं होतं. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी स्वतः लिहिलं आहे की ६४-बिटसाठी खेळ नव्याने तयार करताना चेंडू वस्तूंना न अडता आरपार जायला लागला, दुसऱ्याच कंपनीचा जुना कोड त्यांना उलगडेना, म्हणून खेळ वगळला. मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

त्याने जे सांगितलं नाही ते असं. अडचण होती ती ६४-बिट आवृत्ती तयार करण्यात. एक्सपीमधली मूळ ३२-बिट फाइल तिच्या डेटा फाइलींसकट ६४-बिट विंडोजवर आजही बिनबोभाट चालते. शिवाय एका प्रोग्रॅमरने मूळ प्रोग्रॅम उलगडून त्याचा कोड पुन्हा लिहून काढला आहे, तो गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत आहे आणि लिनक्सवरसुद्धा चालतो. ॲक्टिव्हेशन असा प्रकार या खेळात कधी नव्हताच. अठरा हजारांचं 'लायसन्स' म्हणजे व्हिज्युअल पिनबॉल आणि त्याच्या बरोबरीची सॉफ्टवेअर. तीही फुकट मिळतात, आणि त्यांवरची टेबलं जगभरचे हौशी लोक महिनोन् महिने खपून बनवतात आणि विनामूल्य देतात. त्यांच्या कष्टांवर कुणीतरी पुण्यात बसून बिल फाडतो, याचा मला माझ्या पैशांइतकाच राग आहे.

माल आला तो टेम्पोतून, संध्याकाळी. वर चढवून झाल्यावर हमालांसमोरच उरलेले पैसे मागितले. "आधी पेमेंट करा, मग सेटिंग करून देतो, पोरं खोळंबलीत." बिल्डिंगमधली माणसं बघत होती, बाबा दारात उभे होते. पैसे यूपीआयने गेले, तेही फर्मच्या नावावर न जाता एका खाजगी खात्यात. त्याने यंत्र चालू केलं, खेळ लावला आणि निघून गेला.

बाबांनी स्टूल ओढलं, प्लंजर ओढून सोडला. थोडा वेळ खेळले आणि म्हणाले, "अगं, हा चेंडू अंड्यासारखा का दिसतोय?"

मूळ खेळाचं चित्र ६४० बाय ४८० चं, म्हणजे आडवं. डावीकडे टेबल आणि उजवीकडे गुण, हुद्दा आणि मोहिमेची सूचना दाखवणारी पट्टी, सगळं एकाच खिडकीत. ते उभ्या पडद्यावर बसवायचं तर प्रमाण सांभाळून बसवावं लागतं आणि वर-खाली काळी जागा राहते. ४३ इंची टीव्ही उभा केला की रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर मिळते, त्यात चित्राची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास येते. पट्टी कापून टेबल मोठं केलं तर मोहीम कोणती चालू आहे तेच कळत नाही. प्रामाणिक कारागीर हे आधीच सांगेल. तो सांगेल की स्पेस कॅडेट कॅबिनेटसाठी बनलेला नाही, आणि पूर्ण पडदा भरून हवा असेल तर व्हिज्युअल पिनबॉलवर हौशी लोकांनी नव्याने बांधलेलं तेच टेबल लावा. आम्हाला मात्र 'गुण बॅकग्लासवर वेगळे दिसतील' असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात त्याने चित्र उभं ताणून पडदा भरून टाकला होता आणि बॅकग्लासवर एक स्थिर फोटो लावला होता.

रविवारी मामेभाऊ आला. तो गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पाहिलं तर '४के, १२० हर्ट्झ' म्हणून घेतलेला टीव्ही १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झचा. विंडोजमधलंच यंत्राची माहिती दाखवणारं डीएक्सडायग चालवलं तर ग्राफिक्स कार्ड नाहीच, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स. मग त्याने मागची फळी उघडली आणि टॉर्च मारला.

'ॲनालॉग सेन्सर प्लंजर'चे बारा हजार घेतले होते. खऱ्या ॲनालॉग प्लंजरमध्ये दांड्याला सरकता पोटेंशिओमीटर किंवा तसाच सेन्सर जोडलेला असतो, आणि एखादा छोटा बोर्ड दांडा किती ओढला ते संगणकाला सांगतो. आमच्या दांड्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी वाकवून लावली होती आणि तिच्यासमोर एक मायक्रोस्विच हॉट ग्लूने चिकटवलेला होता. तापकीर गल्लीत तसा स्विच किरकोळ पैशांत मिळतो. दांडा ओढला की स्विच दाबला जातो, बस. स्पेस कॅडेटमध्ये हे कळत नाही, कारण तिथे स्पेस बार जितका वेळ दाबून धराल तितका चेंडू जोरात जातो, म्हणजे स्विच पुरतो. पण व्हिज्युअल पिनबॉलचं टेबल लावल्यावर अर्धा ओढा की पूर्ण ओढा, काही फरक पडत नाही, कारण दांडा किती ओढला ते स्विचला कळतच नाही. 'सोलेनॉइडचा (म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाचा) खरा ठोका' म्हणून सांगितलेला आवाज स्पीकरमधून येत होता.

म्हणून कुणाकडून बनवून घेणार असाल, तर तुमचंच यंत्र, त्याच्याच पडद्यासह, तुमच्यासमोर चालवून बघा. स्पेस कॅडेटवर भागवू नका, जास्त ग्राफिक्स लागणारं जड टेबल लावायला सांगा. प्लंजर हळूच थोडासा ओढून पडद्यावरचा दांडा तेवढाच सरकतो का पाहा. मागची फळी उघडायला नकार दिला तर तिथूनच परत फिरा. बटणांचा बोर्ड गेमपॅड म्हणून जोडला जातो की कीबोर्ड म्हणून, तेही विचारा. मूळ स्पेस कॅडेटला फक्त कीबोर्ड कळतो : डावा फ्लिपर झेड, उजवा स्लॅश, धक्क्यासाठी एक्स, पूर्णविराम आणि वरचा बाण, नवा डाव एफ-टू. गेमपॅड बोर्ड असेल तर मोफत मॅपिंग सॉफ्टवेअर लागतं. त्यासाठी 'ड्रायव्हर फी' देऊ नका.

फोन केला तेव्हा "कस्टम ऑर्डर, रिटर्न नाही" म्हणाला, मग नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे, पण पैसे गेल्या गेल्या फोन केला तर त्याचा खरा उपयोग. आमच्याकडे वस्तू आलेली असल्याने वकिलांनी ग्राहक आयोगाचा रस्ता सांगितला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फळी उघडतानाचा व्हिडिओ पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते आम्ही जोडलं आहे. तक्रार दाखल आहे, तारीख पडायची आहे.

चेंडू मामेभावाने त्याच दिवशी गोल करून दिला. गिटहबवरची मोफत आवृत्ती उतरवली, त्यात युनिफॉर्म स्केलिंग, म्हणजे चित्राचं प्रमाण सांभाळणारं सेटिंग, चालू केलं, बटणं नेमली. याला शून्य रुपये लागले, आणि ४,५०० ची ती ओळ तक्रारीत आम्ही सगळ्यात वर घातली आहे. अशीच ओळ तुमच्या बिलावर असेल तर बिल जपून ठेवा आणि दोन वर्षं उलटायच्या आत तक्रार करा.