ऑइल बर्नरचं नॉझल ०.८५ वरून ०.६५ केलं: अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

बॉयलर तोच, बर्नर तोच, टाकीही तीच. बदललं ते दहा डॉलरच्या आसपास मिळणारं, तेलाचा बारीक फवारा उडवणारं पितळी नॉझल आणि त्याच्या जोडीने हवेचं सेटिंग. ऑक्टोबर ते एप्रिलअखेर त्यावर घर गरम केलं. तेल कमी लागलं, आवाज कमी झाला, आणि घराची ऊब एकसारखी राहायला लागली. तोट्याची एक बाजू आहे, ती पुढे सांगते. हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे इथे बहुतेक घरांत नॉझल "आधी होतं तेच" बसवलं जातं. आधीचं नॉझल त्या घराला योग्य होतं का, हे कुणी तपासलेलंच नसतं.

आमचं घर अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या बाजूला. रस्त्यावर गॅसची लाइन नाही, त्यामुळे तळघरात २७५ गॅलनची टाकी आणि गरम पाण्याचा बॉयलर. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, अशी घरं अजून पुष्कळ आहेत. मेन राज्यात तर साधारण निम्मी घरं तेलावरच तापतात. भारतात वाचणाऱ्यांसाठी सांगायचं तर हे हीटिंग ऑइल म्हणजे जवळजवळ डिझेलच. रस्त्यावरच्या वाहनांचा कर त्यावर नसतो, म्हणून ओळखू यावं यासाठी त्यात लाल रंग घालतात. १ जुलै २०१८ पासून न्यू इंग्लंडच्या राज्यांत त्यातलं गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १५ भागांवर आणलं. त्यामुळे बॉयलरच्या आतली काजळी आणि खरपुडी पूर्वीपेक्षा खूप कमी झाली आहे.

आता नॉझलकडे येऊ. त्याच्या षटकोनी अंगावर बारीक अक्षरांत तीन गोष्टी कोरलेल्या असतात. आमच्या जुन्यावर होतं ०.८५, ८०°, बी. पहिला आकडा म्हणजे तासाला किती गॅलन तेल जाणार, दुसरा फवाऱ्याचा कोन, आणि तिसरं अक्षर फवाऱ्याचा प्रकार. डेलावन कंपनीच्या नॉझलवर ए म्हणजे पोकळ फवारा, बी म्हणजे भरीव. हागो आणि डॅनफॉसची अक्षरं वेगळी, त्यामुळे ब्रँड बदलताना नुसती अक्षरं जुळवून चालत नाही.

खरी मेख पहिल्या आकड्यात आहे. तो १०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाचा आकडा आहे. आमच्या बर्नरचा पंप १४० वर चालायचा असतो. दाब वाढला की प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १.४ चं वर्गमूळ साधारण १.१८, म्हणजे ०.८५ चं नॉझल त्या दाबाला तासाला १ गॅलन जाळतं. ब्रिटन-जर्मनीकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावं की तिकडे पाकिटावर किलो प्रति तास असतात आणि तेही १० बार दाबाचे, म्हणजे थेट तुलना करू नये.

मग प्रश्न असा की आमच्या घराला तासाला एक गॅलन लागतं का? हे शोधणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. तेलाच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर दोन टँकरच्या मधले डिग्री-डे काढायचे (दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे) आणि त्यांना भरलेल्या गॅलनांनी भागायचं. आमचा आकडा आला ७.५, म्हणजे एका गॅलनमध्ये साडेसात डिग्री-डे निघत होते. आमच्या भागात कडाक्याचा दिवस सरासरी ५ फॅरनहाइटचा धरला तर ते ६० डिग्री-डे. ६० भागिले ७.५ म्हणजे दिवसभरात ८ गॅलन. याचा अर्थ वर्षातल्या सगळ्यात गार दिवशीसुद्धा तासाला एक गॅलनच्या हिशेबाने आमच्या बर्नरला चोवीस तासांतले जेमतेम आठ तास चालावं लागतं. ऑक्टोबरात काय होत असेल? काही मिनिटं पेटायचं, पाणी उकळायच्या बेतात आलं की विझायचं, पुन्हा पेटायचं. दर पेटण्याच्या सुरुवातीला थोडी काजळी धरते, आणि दर विझण्यानंतर बॉयलरची उष्णता धुराड्यातून वर जाते. तेल वाया जातं ते इथे.

आता मनाला येईल तेवढं लहान नॉझल घालता येत नाही. बॉयलरच्या पाटीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर दिलेला असतो, आमच्याकडे ०.७५ ते १.०५ गॅलन. ०.७५ चं नॉझल १४० वर ०.८९ देतं, ०.६५ चं ०.७७. दुसरं पाटीच्या मर्यादेत बसतं आणि कडाक्याच्या दिवशीही बर्नरला साडेदहा तासांच्या आसपासच चालावं लागतं. म्हणून ०.६५. त्याखाली मी कुणाला जा म्हणणार नाही, पाटीने परवानगी दिल्याशिवाय तर नाहीच. बर्नरच्या पुस्तिकेतलं कोष्टकही पाहावं लागतं, कारण पुढचं हेड (जिथे हवा आणि तेल मिसळतात ते बर्नरचं तोंड) आणि आतला बॅफल (हवेला वळण देणारा अडसर) ठरावीक दरासाठीच बनवलेला असतो. मोठ्या हेडमध्ये लहान नॉझल घातलं तर हवा नुसती वाहून जाते, तेलाशी मिसळत नाही.

कोन आणि फवारा यांवर लोक फार वाद घालतात. गोल किंवा चौकोनी ज्वलनकक्षाला ७० ते ९० अंश, लांबट अरुंद कक्षाला ३० ते ६०, हा ढोबळ नियम. फवारा भिंतीवर आदळला की तिथे कोळसा साचतो, ज्योत पिवळी होते आणि धूर येतो. कमी दराला पोकळ फवारा शांत चालतो असं सर्वसाधारणपणे म्हणतात. आमच्या बॉयलरच्या कोष्टकात मात्र ८० अंश भरीव दिलं होतं. टेक्निशियनच्या गाडीत त्या दिवशी ०.६५ मध्ये फक्त पोकळच होतं, ते तात्पुरतं बसवलं. चाललं, पण गार बॉयलर पेटताना काही क्षण दारावर कुणी थापा मारतंय असा आवाज यायचा. पुढच्या आठवड्यात भरीव आलं आणि तो आवाज थांबला. कंपनीने बॉयलर, हेड आणि नॉझल एकत्र चाचणीला लावूनच ते कोष्टक केलेलं असतं, त्यामुळे माझं मत ठाम आहे: कोष्टकात असेल तेच घ्यायचं.

हे काम स्वतः करायचा विचार इथे करू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑइल बर्नरच्या कामाला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. पण शेजारी उभं राहून बघायला आणि विचारायला कुणाची हरकत नसते.

मला सगळ्यात आवडली ती धुराची चाचणी. बॉयलर आणि डँपरच्या मधल्या पाइपला एक लहान भोक पाडलेलं असतं. त्यात हातपंपाची नळी घालून पांढऱ्या गाळणकागदातून धूर दहा वेळा ओढायचा. कागदावर उमटलेला ठिपका ० ते ९ च्या पट्टीशी ताडून बघायचा. जुन्या नॉझलचा ठिपका राखाडी होता, २ आणि ३ च्या मधला. नवं बसवल्यावर टेक्निशियनने हवेची झडप हळूहळू बंद करत नेली, कागदावर जेमतेम सावली दिसेपर्यंत. तिथे कार्बन डायऑक्साइड १३.३ टक्के होता. मग हवा पुन्हा थोडी उघडून तो ११.८ वर आणला आणि पुढचा कागद कोरा निघाला. ही दीड टक्क्याची सवलत मुद्दाम ठेवायची असते. हिवाळ्यात हवा दाट-विरळ होते, फिल्टर भरत जातो, पंख्यावर धूळ बसते. सवलत नसेल तर जानेवारीत काजळी सुरू होते. ज्योतीवरचा ड्राफ्टही (धुराड्याची ओढ) मोजला, पाण्याच्या स्तंभाचा उणे ०.०२ इंच.

धुराचं तापमान ५६० फॅरनहाइटवरून ४६० वर आलं. यंत्रावरची ज्वलनक्षमता ८१ टक्क्यांवरून ८५ च्या जवळ गेली. आधीची सेवा देणारी कंपनी दरवर्षी नॉझल बदलून जायची, पण यातलं काहीच कधी मोजत नसे. पंपाचा दाब गेज लावून मोजला तर तो १४० ऐवजी १२० निघाला. तो न सुधारता ०.६५ बसवलं असतं तर दर ०.७१ वर, पाटीच्या खाली गेला असता, आणि थेंबही जाड पडले असते.

काढलेलं नॉझल मी मागून घेतलं. तोंडाभोवती काळं कडं, मागच्या बारीक जाळीवर तपकिरी चिकटा. आपल्याकडे पंपाच्या स्टोव्हला पिन मारून मोठी झालेली पिढी हे बघून लगेच पिन शोधेल, आमच्या घरातही सासऱ्यांनी तेच सुचवलं. पण स्टोव्हच्या नॉझलला फक्त भोक असतं. याच्या आत तिरप्या बारीक खाचा असतात, त्यांतून तेल भोवऱ्यासारखं फिरत बाहेर पडतं, म्हणून त्याचा सुळका होतो. तारेचा एक ओरखडा पडला तरी सुळका एका बाजूला फाटतो. साफ करायचं नाही, नवं घालायचं. नव्याच्या तोंडाला बोटही लावायचं नाही.

आता हिवाळ्याचा हिशेब. एप्रिलच्या शेवटच्या टँकरनंतर डिग्री-डेचा भागाकार पुन्हा केला: ७.५ चा आकडा ८ वर आला. म्हणजे तितक्याच थंडीला साधारण सहा टक्के तेल कमी. वर्षाला ८०० गॅलन जाळणाऱ्या घरात ते ५० गॅलन होतात. नुसत्या बिलाकडे बघून असा निष्कर्ष काढू नका. हिवाळा सौम्य असेल तर नॉझल न बदलताही बिल उतरतं.

पैशांपेक्षा रोज जाणवला तो फरक घरात. बर्नर आता जास्त वेळ आणि हळू चालतो, त्यामुळे बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी असलेले गरम पाण्याचे हीटर) एकदम चटका बसेल असे तापून पुन्हा गार पडत नाहीत. आणि तळघराच्या वरच्या खोलीत झोपणाऱ्या माझ्या मुलीला रात्री पेटण्याचा दणका ऐकू येत नाही.

तोट्याची बाजू म्हणजे आंघोळीचं पाणी. आमच्याकडे वेगळी ४० गॅलनची टाकी आहे जी बॉयलरच्याच पाण्यावर तापते. नाताळच्या सुट्टीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, तेव्हा लागोपाठच्या आंघोळींमध्ये थोडं थांबावं लागलं. ज्यांच्या बॉयलरमध्येच पाणी तापवायची कॉइल आहे, टाकीच नाही, त्यांना लहान नॉझलने शॉवर कोमट लागू शकतो. त्यांनी आधी तिचा विचार करावा.

दुसरं, भोक जितकं लहान तितका कचरा लवकर अडकतो. म्हणून त्याच दिवशी टाकीजवळच्या फिल्टरनंतर १० मायक्रॉनचा स्पिन-ऑन फिल्टर बसवून घेतला. टँकर आला की टाकीतला गाळ ढवळला जातो, तेव्हा तासभर तरी बर्नर बंद ठेवते. संपूर्ण हिवाळ्यात लॉकआउट (ज्योत पेटली नाही की बर्नर आपोआप बंद होणं) झालं नाही. झालंच तर रिसेटचं बटण एकदाच दाबायचं, पुन्हा पुन्हा नाही. प्रत्येक दाबण्याने न जळलेलं तेल आत साठतं, आणि मग पेटतं तेव्हा एकदम पेटतं.

आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाची टाकी घराबाहेर आहे. त्यांनी आमचं बघून हेच करायचं ठरवलं, तेव्हा मी त्यांना थांबवलं. गार तेल जाड होतं, आणि जाड तेल नॉझलमधून कमी नाही तर जास्त जातं, कारण आतला भोवरा मंदावतो आणि सुळक्याची भिंत जाड होते. थेंब मोठे, कोन अरुंद, पेटायला उशीर. ऑक्टोबरात नीट लावलेला बर्नर जानेवारीच्या पहाटे धूर ओकतो. अशांनी आधी केरोसीन मिसळलेलं तेल किंवा नॉझललाइनचा हीटर याबद्दल विचारावं, नॉझलचा आकार नंतर.

वाफेवर चालणारे जुने रेडिएटर असतील तर माझा अनुभव लागूच होत नाही. तिथे बॉयलर घराच्या उष्णतेच्या गरजेवर नाही तर रेडिएटरच्या एकूण आकारावर ठरतो. दर कमी केला तर टोकाच्या रेडिएटरपर्यंत वाफ पोहोचत नाही. आणि ज्यांचं धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला आहे, त्यांनी धुराचं तापमान ३५० फॅरनहाइटखाली जाऊ देऊ नये. आत पाणी सुटतं, आणि गंधक कमी झालं असलं तरी ते पाणी आम्लच असतं. विटा आणि लायनर दोन्ही खातं. आमचं धुराडं घराच्या मधोमध आहे, शिवाय ४६० म्हणजे पुरेशी जागा आहे.

बॉयलरला अडकवलेल्या कार्डावर टेक्निशियनने आता सगळं लिहून ठेवलं आहे: ब्रँड, ०.६५, ८०° बी, पंप १४०, कार्बन डायऑक्साइड ११.८, धूर ०, तापमान ४६०. सप्टेंबरच्या सर्व्हिसला कोणीही आलं तरी नॉझल हेच आणि आकडे पुन्हा मोजून त्याच कार्डावर, असं मी फोनवरच सांगणार आहे.