करंगळीकडचं मनगट दुखतंय: प्लॅस्टर, इंजेक्शन की ऑपरेशन?

टेनिस किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्याचं मनगट करंगळीच्या बाजूने दुखू लागलं की आधी क्रेप बँडेज, मग पंधरा दिवस मलम, मग पुन्हा कोर्ट, असा क्रम ठरलेला. दुखणं परत आलं की कुणी इंजेक्शन सुचवतं, कुणी ‘दुर्बिणीतून करून टाका’ म्हणतं. पण हे एकाच दुखण्यावरचे तीन उपाय नाहीत. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत तीन वेगवेगळ्या गोष्टी बिघडू शकतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. म्हणून निवड करायची ती दुखणं नेमकं कुठलं हे कळल्यावरच.

पहिली गोष्ट ईसीयू (एक्स्टेन्सर कार्पी अल्नॅरिस) टेंडन. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मनगट मागे उचलणारं आणि करंगळीकडे झुकवणारं हे टेंडन उल्ना, म्हणजे कोपराखालच्या हातातल्या करंगळीकडच्या हाडाच्या टोकाजवळच्या खाचेतून जातं. एक पातळ आवरण त्याला खाचेत धरून ठेवतं. तळहात वर, मनगट दुमडलेलं आणि करंगळीकडे झुकलेलं, अशा स्थितीत जोर लागला की त्या आवरणावर सगळ्यात जास्त ताण येतो. खालून खेचलेला टॉपस्पिन फोरहँड आणि दोन हातांच्या बॅकहँडमधला वरचा हात, या दोन जागा त्यासाठी बदनाम आहेत. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं मनगट दुखतं ते यामुळेच. आवरण फाटलं की तळहात वर-खाली फिरवताना टेंडन खाचेबाहेर सरकतं आणि ‘कट्’ असं जाणवतं.

दुसरी गोष्ट टीएफसीसी, म्हणजे उल्ना आणि मनगटाची छोटी हाडं यांच्यामधली कूर्चेची गादी आणि तिला धरणारे अस्थिबंध. हातावर पडणं किंवा बॅडमिंटनच्या बॅकहँड क्लिअरमध्ये पंजा जोरात पिळला जाणं ही नेहमीची कारणं. किल्ली फिरवताना, ओलं फडकं पिळताना, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कळ येते.

तिसरी गोष्ट विसरली जाते. दुखणं मनगटाच्या मागे नसून तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या रेषेत असेल, तर हॅमेट या मनगटाच्या छोट्या हाडाचा आकड्यासारखा पुढे आलेला भाग मोडलेला असू शकतो. रॅकेटच्या दांड्याचा बुडखा तिथेच टेकतो. साध्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर सहज निसटतं. सीटी स्कॅनमध्ये दिसतं.

घरी अंदाज घेण्यासाठी दोन चाचण्या. कोपर काटकोनात, तळहात वर, बोटं सरळ ठेवा. अंगठा बाहेर उघडताना दुसऱ्याला तो आत दाबायला सांगा. मनगटाच्या मागे, करंगळीच्या बाजूला कळ आली तर संशय ईसीयूवर. उल्नाच्या टोकदार उंचवट्यापुढे, तळहाताच्या अंगाला एक मऊ खळगा लागतो. तिथे बोट दाबल्यावर नेमकी तीच ओळखीची कळ आली तर टीएफसीसीवर. टेंडन सरकतं का, हे हात फिरवत केलेल्या सोनोग्राफीत चांगलं दिसतं. एमआरआय स्थिर चित्र देतो, त्यात सरकणं सुटू शकतं. उलट गादीसाठी एमआरआय बरा. मात्र चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही टीएफसीसी झिजलेली दिसते. नुसत्या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका. चाचणीतली कळ आणि रिपोर्ट जुळायला हवेत.

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवू.

प्लॅस्टर किंवा स्प्लिंट हा बहुतेकांसाठी पहिला मार्ग, पण तो कुठला हे महत्त्वाचं. ईसीयूला नुसती सूज असेल तर मनगटापुरता स्प्लिंट 3–4 आठवडे चालतो. आवरण नुकतंच फाटलं असेल तर तो अपुरा आहे, कारण कोपराखालचा हात फिरतच राहतो आणि टेंडन सरकतच राहतं. अशा वेळी कोपर धरून, तळहात खाली ठेवून साधारण 6 आठवड्यांचं प्लॅस्टर लागतं. औषधाच्या दुकानातल्या वेल्क्रोच्या पट्ट्याने हे काम होत नाही, आणि ‘प्लॅस्टर करूनही बरं झालं नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी प्रत्यक्षात तो पट्टाच बांधलेला असतो. दुखापत ताजी असेल तर हा मार्ग जास्त लागू पडतो. सहा महिने सरकत राहिलेलं टेंडन प्लॅस्टरने जागेवर बसण्याची आशा कमी.

इंजेक्शनचा उपयोग टेंडन जागेवर असून आवरणात फक्त सूज असेल तेव्हाच. ते सोनोग्राफीत बघत आवरणात द्यायचं, टेंडनमध्ये नाही, कारण स्टेरॉइडने टेंडन कमजोर होऊन तुटू शकतं. ‘कट्’ होतंय किंवा टेंडन थोडं फाटलंय असं दिसलं तर नको म्हणा. सावळ्या त्वचेवर त्या जागी पांढरट डाग पडू शकतो, खालची चरबी आटून खळगा होतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. सर्वात वाईट वापर म्हणजे स्पर्धेच्या आठवड्यात घेतलेलं इंजेक्शन: कळ दबते, फाटणं चालू राहतं. इंजेक्शननंतर निदान दोन आठवडे जोराचे फटके बंद. (अंगठ्याच्या मुळाशी दुखणाऱ्या डी क्वेरवेनमध्ये मात्र इंजेक्शन खरंच चांगलं काम करतं. तो अनुभव इकडे लावू नये.)

ऑपरेशनमध्ये फरक फाटण्याच्या जागेचा. टीएफसीसीच्या फक्त कडेला रक्तपुरवठा असतो. म्हणून कडेचं फाटणं शिवता येतं, पण नंतर 4–6 आठवडे प्लॅस्टर आणि खेळायला साधारण 4 ते 6 महिने. मधला भाग शिवून जुळत नाही, तो दुर्बिणीतून तासून गुळगुळीत करतात. परतणं दोनेक महिन्यांत शक्य होतं. उल्ना हाड शेजारच्या रेडियसपेक्षा (अंगठ्याकडच्या हाडापेक्षा) लांब असेल तर नुसतं तासून दुखणं राहू शकतं, आणि हाड थोडं आखूड करण्याचा प्रश्न येतो. हे आधीच विचारून घ्या. ईसीयूचं आवरण नव्याने बांधलं तर स्पर्धेच्या खेळासाठी 4–6 महिने धरा. हॅमेटच्या आकड्याचं गणित उलटं आहे: प्लॅस्टरमध्ये तो पुष्कळदा जुळत नाही, तर मोडका तुकडा काढला की 6 ते 8 आठवड्यांत रॅकेट हातात येते. तसाच सोडला तर करंगळी वाकवणारं टेंडन त्यावर घासून तुटू शकतं. इथे ‘आधी वाट पाहू’ हा सल्ला बहुधा चुकतो.

मोठ्या टेनिसपटूंकडे बघून एकच उत्तर मिळत नाही. केई निशिकोरीला ऑगस्ट 2017 मध्ये उजव्या मनगटाच्या टेंडनची दुखापत झाली. त्याने ऑपरेशन टाळलं, उरलेला मोसम सोडला आणि एप्रिल 2018 मध्ये माँटे कार्लो स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. डॉमिनिक थीमला जून 2021 मध्ये टेंडनच्या आवरणाचीच दुखापत झाली. त्यानेही स्प्लिंट निवडला, पण पूर्वीचा खेळ परत आला नाही आणि 2024 मध्ये तो निवृत्त झाला. हुआन मार्टिन देल पोत्रोच्या डाव्या, म्हणजे बॅकहँडमधल्या वरच्या मनगटावर मार्च 2014, जानेवारी 2015 आणि जून 2015 अशी तीन ऑपरेशनं झाली. 2016 मध्ये परतल्यावर तो बराच काळ एका हाताच्या स्लाइसवर खेळला, तरी त्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि 2018 मध्ये यूएस ओपनची अंतिम फेरी. त्याने फटका बदलला, ही गोष्ट ऑपरेशनाइतकीच मोलाची.

आमचं मत स्पष्ट आहे. टेंडन जागेवर असेल तर स्प्लिंट आणि व्यायामाला तीन महिने द्या. ताजं सरकणं असेल तर कोपरावरचं प्लॅस्टर, आणि तेवढे आठवडे खरोखर पाळणार असाल तरच. जुनं सरकणं, कडेचं टीएफसीसी फाटणं ज्यात मनगट सैल लागतं, किंवा हॅमेटचा आकडा असेल तर थेट हाताच्या सर्जनकडे जा. आठवड्यातून दोनदा सोसायटीच्या कोर्टवर डबल्स खेळणाऱ्याला मधल्या टीएफसीसीच्या झिजेसाठी ऑपरेशन क्वचितच लागतं.

परतताना घाई नडते ती ठरलेल्या जागी: पकड सुधारते, पण पीळ देण्याची ताकद मागे राहते. आधी हालचाल न करता 30 ते 45 सेकंद ताण धरणं, 5 वेळा. मग अर्ध्या किलोच्या डंबेलने 15 चे तीन सेट. पिळासाठी हातोडी डोक्याजवळ धरून सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. दर काही दिवसांनी मूठ दोन बोटं खाली सरकवा. दुखऱ्या हाताची पकड दुसऱ्याच्या 90 टक्क्यांवर आल्याशिवाय कोर्ट नाही. सुरुवात मऊ चेंडूने अर्ध्या कोर्टात, 15 मिनिटं, एक दिवसाआड. आधी सपाट फोरहँड आणि स्लाइस, मग सर्व्हिस; दोन हातांचा टॉपस्पिन बॅकहँड सगळ्यात शेवटी.

रॅकेटही बघा. पॉलिएस्टरऐवजी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची) तार, ताण 2–4 पौंड कमी; बॅडमिंटनमध्ये 28 वर खेळत असाल तर 24–25. टेनिसची मूठ धरल्यावर अनामिकेचं टोक आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसायला हवी. मूठ बारीक असेल तर हात विनाकारण आवळला जातो. वेस्टर्न पकड (तळहात मुठीच्या खालच्या बाजूला) ईस्टर्नकडे (तळहात मुठीच्या मागच्या बाजूला) सरकवली तर करंगळीकडचा भार कमी होतो, पण तो अंगठ्याच्या बाजूला जातो, त्यामुळे पकड एकदम न बदलता थोडी थोडी फिरवा.